स्वच्छ पाण्यातली भूक

धाराशिवहून कोकणचा समुद्र गाठायचा तर रात्रभराचा प्रवास. बालाघाटाच्या पठारावरच्या या गावात माझ्या घरी तीन फुटी काचेच्या टाकीत दीडशे लीटर खारं पाणी आहे आणि तळाच्या बारीक वाळूत बारा तिसऱ्या राहतात. कोकणात ज्यांची एकशिपी होते, त्याच या. रत्नागिरीहून ओल्या गोणपाटात, थंडाव्यात, पण बर्फाचं गोडं पाणी अंगाला लागू न देता त्या इथवर आल्या. मी शाळेत विज्ञान शिकवते. उन्हाळ्यात शाळा सकाळची भरते, त्यामुळे एप्रिलमधला दिवस टाकीच्या कामांभोवती नीट बसतो. तो दिवस इथं तासांप्रमाणे मांडते आहे, कारण खाण्याच्या शिंपल्या घरी जगवायच्या तर महागड्या यंत्रांपेक्षा वेळापत्रक जास्त कामाला येतं.

पहाटे ५:००

खोलीतला दिवा लावत नाही. बॅटरीवर लाल कागद गुंडाळून वाळूकडे बघते. प्रत्येक तिसरीच्या जागी वाळूत दोन बारीक तोंडं दिसतात. एका नळीतून पाणी आत जातं, दुसरीतून बाहेर येतं. आत घेणाऱ्या नळीच्या कडेला झालर असते. मोठा कण आत जाऊ नये म्हणून. या जातीच्या नळ्या आखूड असल्यामुळे शिंपला वाळूत खोल जात नाही, पाठ जेमतेम झाकली जाईल इतकाच रुततो. म्हणून वाळूचा थर चार इंच पुरतो, पण ती वाळू बारीक हवी. जाड खडीत पाय रोवता येत नाही आणि सतत उकरण्यातच त्यांची ताकद संपते.

मोजणी रोज होते. बारा जोड्या दिसल्या तर ठीक. एखादी जोडी दिसली नाही तर ती जागा काचेच्या कांडीने हलकेच चाचपायची. निरोगी तिसरी नळ्या झटक्यात ओढून घेते. जी सावकाश ओढते तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवायचं. वाळूवर उघडी पडलेली दिसली तर हातात घ्यायची, दोन्ही शिंपा चिमटीत धरून एकमेकींवर सरकवून बघायच्या. जिवंत प्राणी इतका घट्ट आवळून धरतो की शिंपा तसूभरही हलत नाहीत. कधी कधी शिंपला मिटलेला असतो, जडही लागतो, पण आत प्राणी नसतो, नुसता गाळ भरलेला असतो. अशा वेळी दोन शिंपले एकमेकांवर वाजवायचे. जिवंताचा आवाज दगडावर दगड आपटावा तसा टणक येतो, गाळ भरलेल्याचा बद्द.

हे काम टाळून चालत नाही. वाळूत एक तिसरी मरून राहिली तर काही तासांत पाण्यात अमोनिया वाढतो आणि बंदिस्त पाण्यात तो उरलेल्या अकरांवर उठतो. समुद्रात एका मेलेल्या शिंपल्याने काही बिघडत नाही. दीडशे लीटरमध्ये सगळं बिघडतं.

पहाटे ५:३०

पहिलं खाणं. आयसोक्रायसिस नावाच्या एकपेशीय शेवाळाचं सोनेरी तपकिरी पाणी, पाव लीटर. तिसरी चावत नाही, चाटत नाही, शिकार करत नाही. कल्ल्यांवरच्या सूक्ष्म केसांच्या हालचालीने पाणी आत ओढते. त्यातले कण चिकट द्रवात अडकतात आणि छाननी होऊन तोंडाकडे जातात. न आवडलेला माल चिकटात गुंडाळून, पोटात न घेताच, बाहेर टाकला जातो. वाळूवर अशा पांढुरक्या दोऱ्या जास्त दिसायला लागल्या की समजायचं, खाणं गरजेपेक्षा जास्त पडतंय.

टाकीच्या मागच्या काचेवर, बाहेरून, मी कालनिर्णयचं एक जुनं पान चिकटवलं आहे. शेवाळ टाकल्यावर पाण्यात धुकं येतं आणि तारखेखालचं बारीक अक्षर दिसेनासं होतं. तीन-चार तासांनी ते पुन्हा वाचता यायला लागतं. बारा तिसऱ्यांनी पाणी गाळून खाल्ल्याची ही खूण. या वेळात फेस काढणारं प्रोटीन स्किमर दोन तास बंद ठेवते, कारण ते यंत्र शेवाळ आणि घाण यांत फरक करत नाही, दोन्ही उपसतं.

मला जे सांगायचं आहे ते नेमकं इथं आहे. मासे पाळणारा माणूस आरशासारखं पाणी झालं की खूश होतो. फिल्टर, स्किमर, अतिनील दिवा, सगळी यंत्रं त्यासाठीच असतात. तिसरीसाठी मात्र तसं पाणी म्हणजे दुष्काळ. आणि हा दुष्काळ दिसत नाही. तिच्या मांसात ग्लायकोजेनचा साठा असतो. त्यावर ती कित्येक आठवडे, कधी महिनेही काढते. नळ्या उघडते, हात लावला की मिटते, सगळं ठीक दिसतं. मग एका आठवड्यात एकामागून एक मरायला लागतात. मालक पाणी तपासतो, अमोनिया शून्य, खारटपणा बरोबर, आणि त्याला कारण सापडत नाही. आमच्या भागात दावणीच्या जनावराची कूस खपाटीला गेलेली लांबून दिसते. तिसरीची कूस कवचाच्या आत असते.

महाकाय शिंपल्यांच्या चित्रफिती पाहून बरेच जण फसतात. त्या ट्रायडॅक्ना जातीच्या मांसातच शेवाळ राहतं, त्यामुळे तिचं बरंचसं पोट तीव्र उजेडावर भरतं. तिला भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, घरी ठेवण्याचा विचारही करू नये. आपल्या खाडीतल्या तिसरीला दिव्याचा काही उपयोग नाही. ती वाळूत राहते आणि पाण्यात तरंगणाऱ्या कणांवर जगते.

सकाळी ६:१५

पाण्याची भर. काचेवर मार्करने रेघ आहे, पाणी रोज तिथपर्यंत आणायचं. एप्रिलच्या कोरड्या हवेत, त्यातून पंख्याखाली, दोन-तीन लीटर सहज उडून जातं. उडतं ते फक्त पाणी. मीठ टाकीतच राहतं. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची. खाऱ्याची घातली तर खारटपणा रोज चढत जातो.

गावाला उजनी धरणाचं पाणी येतं, पण नळाचं किंवा बोअरचं पाणी थेट चालत नाही. त्यातले क्षार, क्लोरीन, आणि पाइपातून उतरलेलं थोडंसं तांबंसुद्धा शिंपल्यांना मारक ठरतं. म्हणून आरओचं पाणी. एक लीटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लीटर बाहेर जातं. हंडा हंडा मोजून वापरणाऱ्या जिल्ह्यात ते गटारात सोडण्याचा हक्क मला नाही. ते पिंपात साठतं आणि फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरलं जातं. टाकी घेण्याआधी हा हिशेब घरात सगळ्यांसमोर मांडला होता. ज्याला तो जमणार नाही त्याने खाऱ्या पाण्याचा नाद करू नये.

सकाळी ७:०० ते १२:००

शाळा. साडेदहाचं खाणं सासूबाईंकडे असतं. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्यांना मोजमापाचं काही सांगावं लागत नाही, त्यांनी कालनिर्णयची खूण पक्की धरली आहे. मधल्या सुट्टीत फोन येतो.

“चष्मा लावून बघितलं. एकादशीचं अक्षर साफ दिसायलंय. छोटी बाटली टाकू का?”

“टाका आत्या. अर्धीच टाका, उरलेली फ्रिजमधे ठेवा.”

“आन् ती मोटार बंद करते आधी. तुझी फेसाची.”

स्किमरला त्या मोटार म्हणतात आणि बंद करायला कधी विसरत नाहीत.

दुपारी १२:३०

एप्रिलमध्ये बाहेर चाळिशी गाठलेली असते. टाकीतला आकडा तीस अंशांच्या खाली ठेवायचा. पाणी जितकं गरम आणि जितकं खारं, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. शिवाय उष्णतेने प्राण्याचा जगण्याचा खर्च वाढतो, म्हणजे भूकही. तिसऱ्या खाडीतल्या, भर उन्हात ओहोटीच्या चिखलात राहणाऱ्या, पण तिथं सहा तासांनी भरती येऊन पाणी बदलतं. इथं ते माझ्याकडे आहे.

कोरडी हवा एका बाबतीत आमच्या बाजूने आहे. टाकीच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती इतकी चालत नाही. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप आपोआप सुरू होतो. तो तास-दोन तास पुरतो आणि तेवढ्यात बहुतेक वेळा वीज येते. पुरला नाही तर मगाने पाणी वरून सोडायचं. त्यात काही शास्त्र नाही, पण हवा मिसळते.

शिंपला मिटून बसला की प्राणी ऑक्सिजनशिवायही बराच वेळ तग धरतो. अशा वेळी अंगात साचणारं आम्ल उतरवायला तो स्वतःच्या कवचातला चुना विरघळवतो. म्हणजे मिटलेली तिसरी विश्रांती घेते आहे असं नाही. ती स्वतःचं घर थोडंथोडं मोडून जगते आहे. दुपारी बऱ्याच नळ्या आत गेलेल्या दिसल्या की मी लगेच हवा वाढवते.

दुपारी २:००

दिवसातलं सर्वात महत्त्वाचं काम: शेवाळाची शेती. खिडकीशेजारी ट्यूबलाइटखाली दोन लीटरच्या पारदर्शक बाटल्या रांगेने उभ्या आहेत, प्रत्येकीत हवेची बारीक नळी. दोन जाती ठेवते. आयसोक्रायसिस, चार ते सहा मायक्रॉनची, नाजूक, पचायला सोपी. आणि कीटोसेरॉस, काचेसारख्या सिलिकाच्या कवचाची. तिच्या खतात सिलिकेट वेगळं घालावं लागतं. बाजारात सहज मिळणारं नॅनोक्लोरोप्सिस आणखी लहान आणि कडक भित्तीचं असतं. त्याने पाणी हिरवं दिसतं, पण शिंपल्याच्या पोटाला ते कमी लागतं. शिंपल्यांच्या पिल्लांची पैदास करणारी केंद्रं एकाच जातीवर न राहता मिश्र आहार देतात, तोच नियम घरी.

पद्धत साधी आहे, सोवळं मात्र कडक. उकळून गार केलेलं खारं पाणी, त्यात ठरलेलं खत, म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, लोह, काही सूक्ष्मद्रव्यं आणि बी-१, बी-१२ ही जीवनसत्त्वं. त्यात आधीच्या बाटलीतलं थोडं विरजण. पहिल्या दिवशी पाणी जेमतेम रंगलेलं दिसतं. पाच-सहा दिवसांत ते दाट चहासारखं होतं. तेव्हाच वापरायचं. आणखी ठेवलं तर वाढ थांबते, पेशी तळाला बसतात, पाणी फिकं पडतं आणि वास बदलतो. अशी बसलेली बाटली टाकीत कधीच ओतायची नाही. रोज एक बाटली काढणीला येईल अशा बेताने रोज एक नवी लावते.

एका बाटलीत मिलिलीटरमागे काही लाख ते काही दशलक्ष पेशी असतात. दीडशे लीटरमध्ये बारा तिसऱ्यांना दिवसाला साधारण लीटरभर दाट शेवाळ लागतं, चार वेळांत विभागून. खाडीत हे ताट कधी संपत नाही, भरतीबरोबर पुन्हा वाढलं जातं. म्हणून एकदम लीटरभर ओतण्यापेक्षा पाव-पाव लीटर चारदा बरं.

शेवाळाबरोबर त्याचं उरलेलं खतही टाकीत येतं, नायट्रेट चढतं. त्यावर उपाय म्हणजे शेजारच्या छोट्या टाकीत वाढवलेली समुद्री वनस्पती, उल्वा. पाणी तिच्यातून फिरून येतं, ती नायट्रेट शोषते, वाढली की मी तिची छाटणी करते. खाणं थांबवून पाणी स्वच्छ ठेवता येतं, पण त्याने प्राणी मरतो. खाणं चालू ठेवून पाणी स्वच्छ राखणं हेच या कामातलं कौशल्य.

दुपारी ४:३०

गल्लीतली आणि वर्गातली मुलं येतात. पाचचं खाणं त्यांच्या हातचं.

“मॅडम, ह्ये जित्ते हायेत का?”

“नळीकडं बघ. झालर हालते का?”

“हालायली की! काय खायलालेत?”

मग भिंग येतं, बाटलीतला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली जातो, आणि सोनेरी ठिपके फिरताना दिसले की खोलीत एकदम गर्दी होते.

मुलं विचारतात, समुद्राचं आपल्याकडं काय? त्यांना मी तेरला नेते. वीसेक किलोमीटरवरचं तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपर ग्रंथात पैठणहून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. तिथून कापड भडोच बंदराकडे जाई, आणि समुद्रकाठच्या प्रदेशांतून आलेला मालही तिथं जमे असं त्यात म्हटलं आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताच्या कामाबरोबर शंखाच्या वस्तूही आहेत. मुलं काचेला नाक लावून बघतात. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र इथवर बैलगाडीने आला होता.

आणि आपल्या काळातलाही एक धागा आहे. १९७०च्या दशकात औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ आर. नागभूषणम आणि यू. एच. माने यांनी रत्नागिरीजवळच्या काळबादेवी खाडीतल्या कॅटेलिसिया ओपिमा या तिसरीवर चिकाटीने काम केलं. ती केव्हा प्रजनन करते, खारटपणा चढला-उतरला तर कशी निभावते, परिस्थितीप्रमाणे तिचं पाणी ओढणं कसं बदलतं, हे त्यांनी मोजून छापलं. समुद्रकिनारा नसलेल्या मराठवाड्याच्या विद्यापीठाने कोकणातल्या शिंपल्याचं चरित्र लिहिलं. त्याच विद्यापीठाचा उपपरिसर आज धाराशिवात आहे. मुलांना हे कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी ६:००

मुलांच्या वहीतली नोंद: किती नळ्या उघड्या, किती मिटलेल्या. खाडीतल्या भरतीचा ठसा नळ्यांवर उरतो का हे बघायला वहीत तिथीही लिहितो. कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा अंदाजे तास येतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते.

१९५४ मध्ये फ्रँक ब्राउन या अमेरिकी शास्त्रज्ञाने न्यू हेवनच्या किनाऱ्यावरची कालवं सुमारे बाराशे किलोमीटर आत, इव्हॅन्स्टनला नेऊन अंधाऱ्या टाकीत ठेवली. त्याच्या नोंदीप्रमाणे दोन आठवडे ती न्यू हेवनच्या भरतीला उघडत राहिली आणि मग चंद्र इव्हॅन्स्टनच्या माथ्यावर येण्याच्या वेळेकडे सरकली. त्याच्या आकडेमोडीवर इतरांनी गंभीर आक्षेप घेतले, वाद गाजला. रत्नागिरी आणि धाराशिव यांच्या रेखांशात पावणेतीन अंशांच्या आसपास फरक, म्हणजे चंद्र माथ्यावर येण्यात अकराएक मिनिटांचा. इतका बारीक फरक आमच्या वहीत दिसण्यासारखा नाही आणि भरतीचा ठसाही अजून दिसलेला नाही. नळ्यांची उघडझाप जुळते ती खाण्याच्या वेळांशी. मुलांनी आकडे बघून हे स्वतः सांगितलं, हे मला ब्राउनच्या वादापेक्षा मोठं वाटतं.

संध्याकाळी ७:३०

तपासणी आणि पाणी बदल. अमोनिया शून्य हवा. सामू (पीएच) ८ ते ८.३. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरवर लीटरला तीस ग्रॅम, खुल्या समुद्राच्या पस्तीसपेक्षा कमी, कारण या खाडीच्या रहिवासी. आठवड्यातून एकदा क्षारता आणि कॅल्शियम, कारण कवच त्यातूनच घडतं.

पाणी बदलायचं तर नवं खारं पाणी आदल्या दिवशी मिसळून रात्रभर हलत ठेवलेलं असतं. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून ८५ टक्क्यांच्या आसपास, पण उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असतं आणि प्राणी त्यावाचून जगत नाही. म्हणून मत्स्यालयासाठीचं तयार समुद्री मीठच घ्यावं. उष्णता आणि खारटपणा दोन्ही जुळल्याशिवाय नवं पाणी टाकीत जात नाही.

शेजारी विचारतात, एवढ्या वाढवल्या, खाणार कधी? या टाकीतली तिसरी खायची नाही. गाळून खाणारा प्राणी पाण्यात असेल ते अंगात साठवतो, जंतूसुद्धा, आणि घरची टाकी खाण्याजोगी आहे हे तपासायची सोय घरात नसते.

रात्री १०:००

शेवटचं पाव लीटर. स्किमर रात्री बाराला टायमरवर सुरू होईल. नोंदवहीत तापमान, भर, खाणं, मोजणी. महिन्यातून एकदा या वेळी मी व्हर्नियर कॅलिपर घेऊन तिसऱ्यांची लांबी मोजते. प्रत्येकीच्या पाठीवर रंगाचा ठिपका आहे, त्यामुळे ओळख चुकत नाही. आज मापांचा दिवस आहे. लाल ठिपकेवाली हातात घेतली, पुसली, दिव्याखाली धरली. कवचाच्या कडेला जुन्या तपकिरी रेघेबाहेर फिकट, पातळ, नखासारखी कडा आली आहे. ही इथं घडलेली आहे, उजनीच्या पाण्यात आणि ट्यूबलाइटखालच्या शेवाळावर.

तिसरी जिवंत आहे एवढ्यावर विसंबू नये. उपाशी तिसरीही महिनोन्‌महिने जिवंत असते. कडा वाढते आहे का, हे विचारावं. ज्यांना घरी शिंपल्या जगवायच्या आहेत त्यांना माझं सांगणं एवढंच: तिसऱ्या आणण्याआधी दोन महिने शेवाळ वाढवून बघा. बाटल्या रोज रंगत असतील, बसलेली बाटली ओळखता येत असेल, तर मगच कोकणातल्या मित्राला फोन करा.